वरच्या मजल्यावरच्या मावशींचा राग

मावशी आधी भाजीची पिशवी खाली ठेवायच्या. मग उजवा हात छातीवर, डोळे मिटलेले, मान जराशी कलती. स्वयंपाकघरात दूध उतू चाललंय का, हे बाहेरच्या खोलीतून कान देऊन ऐकावं तसं काहीतरी ऐकायच्या. मग डोळे उघडून शांतपणे सांगायच्या, "अजून आहे."

नवीन माणूस घाबरायचाच. तळमजल्यावर राहायला आलेल्या पंजाबी आंटी पहिल्या वेळी पाणी आणायला धावल्या होत्या. त्यांना वाटलं, हार्टचं काहीतरी आहे. मावशींनी ते पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास परत देत म्हणाल्या, "दिल ठीक है, बहनजी. गुस्सा देख रही थी. अभी है."

राग होता ऑफिसमधल्या एका बाईंवर. त्यांनी मावशींच्या रजेबद्दल साहेबांचे कान भरले होते. आंटी म्हणाल्या, "छोड़ो ना यार, जाने दो."

"जाने तो दूँ," मावशी म्हणाल्या, "वोही नहीं जा रहा."

तुमच्याही ओळखीत रागीट माणसं असतील. पण मावशी तशा नव्हत्या. त्यांचा आवाज कधी चढला नाही, कोणाशी त्यांनी अबोला धरला नाही. फक्त राग गेलेला नसताना 'गेला' असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. संक्रांतीला आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्यांकडे तिळाच्या वड्या घेऊन जायच्या. एका वर्षी समोरच्या जिन्यातल्या जोशीकाकूंकडे गेल्या, हातावर वडी ठेवली आणि म्हणाल्या, "वडी घ्या. गोड बोलायचं मात्र यंदा जमेलसं दिसत नाही." काकूंना हसावं की रागवावं कळेना. वडी त्यांनी खाल्ली. छान झाली होती म्हणे.

मावशी नागपूरच्या. लग्न केलं नव्हतं. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून होत्या आणि आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरच्या बरोबर वर राहायच्या. माझे बाबा दुसऱ्या एका मंत्रालयात स्टाफ कार चालवतात. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल काही विचारायचं झालं की आई वर बघायची. म्हणजे खरोखरच वर, छताकडे. "मावशींना विचार," म्हणायची.

मावशींचा एक भाऊ नागपूरला होता. त्याने वडिलांची हार्मोनियम कोणाला न विचारता विकून टाकली होती. त्याला फार वर्षं झाली. तरी दर रविवारी मावशी त्याला फोन करायच्या, त्याच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, भाच्याच्या नोकरीची करायच्या. फोन ठेवला की हात छातीवर.

"अजून आहे?" मी हसत विचारायची.

"आहे तर. पेटी होती ती, कुकर नव्हता."

"मग बोलता कशाला?"

"बोलणं वेगळं, माफ करणं वेगळं. बोलणंच बंद केलं, तर भांडू कोणाशी?"

तेव्हा मला याची गंमत वाटायची. आपल्यावर कधी अशी वेळ येईल, असं मनातही आलं नव्हतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीमुळे मला नोएडातल्या एका छोट्या स्टुडिओत काम मिळालं. लहान मुलांसाठीच्या धड्यांना मराठी आवाज द्यायचा. नदी कशी वाहते, मुंगी काय खाते, असं. बाबांनी मला सरकारी परीक्षेच्या कोचिंग क्लासला घातलं होतं. त्यांच्या मते आवाज हा काही कामाचा प्रकार नव्हता. तो सगळ्यांनाच असतो. मी घरी क्लासला जाते म्हणून सांगायची आणि मेट्रोने थेट नोएडा गाठायची.

हे फक्त मावशींना माहीत होतं, कारण माझं मराठी त्यांच्याशिवाय सुधरलं नसतं. मी दिल्लीत वाढले. संध्याकाळी वर जाऊन मी धडा मोठ्याने वाचायची आणि त्या लसूण सोलत ऐकायच्या.

"'बादलीतलं पाणी गिरलं'? कुठे गिरलं? सांडलं म्हण."

"सांडलं."

"आणि मुंगीवर इतकी ओरडू नकोस. लहानशी आहे ती."

त्या खोलीत, लसणाच्या वासात, मला पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं. परीक्षेत मार्क मिळाल्यावर वाटतं तसं नाही, वेगळंच. मावशींनी घरी न सांगायचा शब्द दिला होता. "मात्र लवकर तूच सांग," एवढंच म्हणाल्या होत्या. मी रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं.

थंडीतला दिवस होता. एक धडा पुन्हा पुन्हा चुकत होता, रेकॉर्डिंग लांबलं. आत जाताना फोन बंद करून बाहेर ठेवावा लागायचा. इकडे अंधार पडला तशी आईने क्लासला फोन लावला. क्लासवाले म्हणाले, तुमची मुलगी तर बरेच दिवस आलेली नाही. आई रडत वर गेली. आणि मावशींनी सगळं सांगितलं. स्टुडिओचा पत्तासुद्धा.

मी रेकॉर्डिंगच्या खोलीतून बाहेर आले, तर रिसेप्शनसमोर बाबा उभे होते. ड्यूटीवरून तसेच आले होते, पांढऱ्या गणवेशात. तिथली मुलगी त्यांना तिसऱ्यांदा की कितव्यांदा सांगत होती, "भैया, ड्राइवर लोग नीचे वेट करते हैं. गाड़ी में बैठिए, मैडम आ जाएँगी."

बाबा म्हणत होते, "गाड़ी नहीं है. बेटी है."

मेट्रोत एक जागा मिळाली. बाबांनी मला बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "परीक्षा दे. मग काय ते बघू." स्टुडिओने उरलेले धडे दुसऱ्या मुलीकडून करून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. दार उघडताच सगळं विसरले.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," मावशी म्हणाल्या. "मोडला."

"थोडा वेळ थांबायचं ना! मी येतच होते."

"तुझी आई माझ्या या खुर्चीत बसून थरथरत होती गं. तिच्यासमोर मला गप्प बसवलं नाही."

"मग चूक झाली म्हणा."

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. खरोखर विचार करत होत्या, ते दिसत होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"चूक झाली की नाही, मला सांगता येत नाही, पल्लवी. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन, असं वाटतं. पण तुझं नुकसान झालं, ते कळतंय मला. तुझ्या बाबांना तिथे जे ऐकावं लागलं, तेही तुझ्या आईने सांगितलं मला. त्याबद्दल माफी मागते. हे बघ, मागितली. पण तू लगेच 'जाऊ दे मावशी' म्हणू नकोस. मनातून जाईल तेव्हाच म्हण. मला घाई नाही."

मी दार आपटून खाली आले.

मला वाटलं, आता आमचं बोलणं संपलं. मी तरी तसं ठरवलं होतं. पण मावशींचा नियम तुम्हाला आता ठाऊक आहे. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या तर थांबल्या, माझ्याकडे बोट करून विचारलं, "आहे का अजून?"

मी तशीच खाली उतरत राहिले.

"आहे वाटतं," म्हणाल्या आणि वर गेल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच. शेवटी चिडून मी म्हटलं, "हो, आहे! खूप आहे!"

"बरं. आईला सांग, मटार स्वस्त झालेत."

आई मला रागवायची. "मोठ्या माणसांशी असं बोलतात का? त्यांनी माफी मागितली ना? आता सोड." मी अभ्यासाला बसायची आणि पुस्तकातल्या ओळींवरून डोळे नुसते फिरायचे. राग धरून ठेवायचाही कंटाळा येत होता आणि सोडताही येत नव्हता. कधी वाटायचं, मावशींची काय चूक? मीच त्यांच्या जागी असते तर? आणि मग 'गाड़ी नहीं है, बेटी है' आठवायचं, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. वर त्यांच्या चपलांचा आवाज झाला तरी मला उठून फिरावंसं वाटे. एवढ्याशा क्वार्टरमध्ये फिरणार तरी कुठे?

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या महिन्यांत माझ्याशी नीट बोलणारं माणूस एकच होतं. ज्यांच्यावर मी रागावले होते, तेच. बाकी सगळ्यांना माझा राग लवकर संपलेला हवा होता. मावशींना तो कसा आहे, हे जाणून घ्यायचं होतं.

एकदा मी स्वतःहून म्हटलं, "आज थोडा कमी आहे."

"असं होतं," त्या म्हणाल्या. "भुलू नकोस. उद्या वाढेल." आणि खरंच वाढला.

त्या निवृत्त झाल्या. सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. कुठे जाणार, म्हणून सगळा ब्लॉक काळजीत होता. मावशींनीच जिन्यात जाहीर केलं, "नागपूरला. भावाकडे. त्याच्याकडे वरची खोली रिकामी आहे."

मी इतकी चकित झाले की राग बाजूला ठेवून विचारलं, "त्यांना माफ केलं?"

"नाही बाप्पा."

"मग राहणार कशा?"

"माफ करूनच राहायला जायचं म्हटलं, तर अर्धं जग स्टेशनवरच बसून राहील," मावशी म्हणाल्या. "माझं मी बघेन. तो सकाळचा चहा चांगला करतो."

सामान आधीच ट्रकने गेलं. जायच्या दिवशी बाबांनी रजा घेतली. टॅक्सी ठरवू, असं मी म्हटलं, तर बाबांनी त्यांच्या मित्राची गाडी आणली आणि स्वतः चालवली. मावशी पुढे त्यांच्या शेजारी बसल्या, मी मागे. निजामुद्दीन स्टेशनपर्यंत दोघं रस्त्यांवर बोलत होते. कुठला फ्लायओव्हर नव्हता तेव्हा कुठून जायचे, कुठे कडुलिंबाची झाडं होती. बाबा त्यांच्याशी इतके मोकळे बोलत होते की मला आश्चर्य वाटलं. त्यांच्या मनात काही नव्हतंच का? की होतं आणि जाऊन आता बरेच दिवस झाले होते? मी कधी विचारलंच नव्हतं.

भावाने एसीचं तिकीट काढलं होतं. बाबा बॅगा आत ठेवायला गेले. फलाटावर मी आणि मावशी दोघीच उरलो. मला वाटलं, आता विचारतील. मी वाट पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात थोडा वर आला, आणि त्या हाताने त्यांनी पर्सचा पट्टा नीट केला.

"पाण्याची बाटली घेतली ना?" मी म्हटलं.

"घेतली."

"औषधं?"

"घेतली गं."

त्या विचारत नव्हत्या. इतके महिने जिन्यात, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही अडवून विचारणाऱ्या मावशी आज विचारत नव्हत्या. मग मीच म्हटलं, "मावशी, थोडं आहे अजून."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. मी खरं बोलले होते, त्यांनीच शिकवल्यासारखं. "बरं," त्या म्हणाल्या. "खरं बोललीस." हसल्यासुद्धा. पण ते हसू ओठांवर पुरतं टिकलं नाही. खालचा ओठ एकदम थरथरला आणि त्या वळून डब्याच्या पायऱ्या चढायला लागल्या. तेव्हा मला कळलं की आज, या एकाच दिवशी, त्यांना दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. खोटं असतं तरी चाललं असतं.

मी पुढे झाले, पण बाबा दारातून उतरत होते, त्यांच्यामागे हमाल, त्यामागे एक मोठं कुटुंब. दार मोकळं होईपर्यंत गाडी हलली होती.

खोटं बोलायला हवं होतं का? अजूनही मला नक्की सांगता येत नाही. चांगलं माणूस काय करतं अशा वेळी, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही आणि घरी विचारायची सवय नाही.

त्या वेळी मी डब्यासोबत भराभर चालत होते. एसीच्या डब्याच्या काचा काळ्या असतात. प्रत्येक खिडकीत मला माझंच तोंड दिसत होतं, फलाटावरचे दिवे दिसत होते, मागून घाईने येणारे बाबा दिसत होते. मावशी कुठल्या खिडकीशी आहेत, बाहेर बघतायत की डोळे पुसतायत, काही समजत नव्हतं. मी थांबले. हात अर्धवट वर होता, तो खाली घेतला.

"थांबलीस का?" बाबा धापा टाकत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "हात हलव."

"दिसतच नाहीयेत त्या."

"आपल्याला नाही दिसत," बाबा म्हणाले. "आतून दिसतं."

मग आम्ही दोघांनी हात हलवले. शेवटचा डबा जाईपर्यंत.