यादगिरीने थांबवलेलं इंजेक्शन

गायकवाडकाका टेबलावर पालथे झोपले होते. कंबर पुसून झाली होती, सुई माझ्या हातात. तेवढ्यात दार अर्धं उघडून आमचा वॉर्ड अटेंडंट यादगिरी म्हणाला, "मॅडम, जरा ठैरो."

मला रागच आला. सुई हातात असताना कुणी हाक मारलेली मला खपत नाही.

काका आमच्याच शहरातल्या काचीगुड्याचे, सरकारी ऑफिसात रेकॉर्ड-कीपर. एका राज्याची दोन होत होती, फायलींची वाटणी चालली होती. गठ्ठे उचलता उचलता काकांची डिस्क सरकली. डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. ती सरकली की पायाकडे जाणारी नस दाबते. स्टेरॉइडचं इंजेक्शन गादी जागेवर बसवत नाही, नसेभोवतीची सूज उतरवतं. बऱ्याच जणांना तेवढ्यानं आराम पडतो.

सकाळी मी सगळं विचारलं होतं. "लघवीला काही त्रास?"

"नाही हो ताई. तेवढं इंजेक्शन देऊन टाका, सोमवारी जॉइन व्हायचंय."

मराठी डॉक्टर मिळाली म्हणून काका खूश, मराठी पेशंट मिळाला म्हणून मीही खूश.

"काय ते बोल लवकर," मी दाराशी येऊन खेकसले.

टेबलावर घेण्याआधी पेशंटला बाथरूमला नेऊन आणायचं काम यादगिरीचं. तो हळूच म्हणाला, "पंधरा मिनट खडे थे. एक बूँद नहीं उतरा. कल से ऐसाइच है बोले. मॅडमकु नक्को बोलो, बेटी सरीकी है बोले."

गादीने नसांचा अख्खा जुडगा दाबला की लघवी अडते. मग सूज उतरवून भागत नाही, लगेच ऑपरेशन करावं लागतं. उशीर झाला तर माणूस जन्मभर लघवीच्या नळीवर. शिवाय या इंजेक्शननेही कधीकधी थोडा वेळ लघवी अडते. मी ते दिलं असतं, तर लघवी त्यानेच अडली असं समजून आम्ही निवांत बसलो असतो!

मी टेबलाशी परत गेले. "काका, मला का नाही सांगितलंत?"

काकांनी मान वळवली नाही. "पोरीला असलं कसं सांगायचं?"

तातडीने लघवीची नळी घातली, MRI केला. संध्याकाळी सर्जनने गादीचा तुकडा काढला. चौथ्या दिवशी नळी निघाली आणि मी देवापुढे जोडावेत तसे यादगिरीपुढे हात जोडले. तो लाजून पळालाच.

दीड महिन्याने काका चालत आले, बिस्किटांचा डबा घेऊन. मी त्यांना थेट यादगिरीकडे नेलं.

"अब उतररा ना, साब?"

"एकदम धारेने!" काका माझ्यादेखत ओरडले.

तेव्हापासून प्रश्न मी पेशंटला विचारते आणि उत्तर यादगिरीला.