घर कधी खाली करताय?

आंध्रातून तेलंगणा वेगळा होणार हे पक्कं झालं होतं, त्या दिवसांत मी हैदराबादेत तारनाक्याच्या एका कॉलेजात कॅमेऱ्यापुढचा अभिनय शिकवायची. मुलं नाटकातून आलेली. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय, आणि कॅमेऱ्यात तेच ओरडणं वाटायचं. म्हणून मी रंगमंचच सोडला. कॉलेजमागच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये आम्ही एक घर मांडलं. वर्गातली बाकीची मुलं प्रेक्षक. ती त्या घरात हिंडायची, नटाच्या अगदी खांद्याशी उभी राहायची. इतक्या जवळ माणूस असला की आवाज आपोआप खाली येतो.

त्या दिवशीचा प्रसंग साधा होता. घरमालक भाडेकरणीकडे येतो, एवढंच. संवाद लिहिलेले नव्हते. भाडेकरीण झालेली मुलगी शहरातल्याच कुकटपल्लीची, घरचे मूळ आंध्र किनाऱ्याकडचे. घरमालक झालेला मुलगा तेलंगणातला, वेगळ्या राज्याच्या आंदोलनात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला. एरवी दोघं एकाच डब्यातून जेवायची.

ती भाजी चिरत होती. तो खुर्चीत बसून नळाच्या पाण्याबद्दल बोलला, मग थांबून म्हणाला, "घर कधी खाली करताय?"

तिची सुरी थांबली. हाच प्रश्न त्या आठवड्यात तिच्या वडिलांना खऱ्या घरमालकानं विचारला होता. तिनं ते मला सांगितलं होतं. त्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. कॅमेरा चालूच. जुनं हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा इथल्याच अंबरपेठेत माझ्या आजोबांनाही लोक विचारायचे म्हणे, आता तुम्ही मराठवाड्यात परत जाणार ना? प्रसंग थांबवायला मी हात वर केला. तिनं माझ्याकडे पाहून बारीकशी मान हलवली. नको.

मग ती तेलुगूत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "माझा जन्म इथलाच आहे. चहा ठेवू?"

काहीतरी खरं घडलंय हे त्याला तेव्हा उमगलं. तिनं चहा ठेवला, त्यानं कप घेतला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

नंतर बाहेरच्या पायरीवर तिनं त्याला सगळं सांगितलं. पुढे तिच्या घरच्यांनी कुकटपल्लीतच दुसरं घर घेतलं. सामान चढवायला तोही गेला होता.

ते चित्रण पुढच्या वर्गाला दाखवू का, असं मी दोघांना विचारलं. ती हो म्हणाली, तो नको म्हणाला. मी दाखवलं नाही.