पोर्ट चालू झाला आणि माझं डोकं फिरलं

मंडळी, आज टाळकं सटकलंय, म्हणून सरळ लिहितो.

सकाळी प्राचीचा फोन. आमच्या पवनारचीच, वर्ध्याला शेवटच्या वर्षाला आहे. "प्रोजेक्ट उघडूनच नाई राह्यला. दुपारी सरांना दाखवाचा आहे. येतं का तू?" जे कॉलेज अर्ध्यात सोडलं, तिथं पुन्हा पाय ठेवणार नव्हतो. पण तिनं बोलावलं, मग काय, मिळेल त्या बसनं गेलो.

तिच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर, आणि त्याच्या आत सर्व्हर. बाहेरून आत न्यायचा रस्ता, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम, बरोबर होता, तरी ब्राउझरमध्ये पान उघडेना. तिचा प्रोजेक्ट पार्टनर मागून म्हणतो, "काऊन बे, विसरला का सगळं?" त्याला तिथंच हाणला असता. ह्याच ग्रुपवर विचारलं, तर तुम्ही सगळे म्हणे फायरवॉल बंद कर. केलं. काय झालं? घंटा!

शेवटी मशीनच्या आत जाऊन पाहिलं. तिथं पान मस्त उघडत होतं. म्हणजे सर्व्हर 127.0.0.1 वर बसून फक्त स्वतःचंच ऐकत होता, बाहेरच्याला दारच नव्हतं. तिथं 0.0.0.0 टाकलं, म्हणजे सगळ्यांसाठी दार उघडं, रीस्टार्ट केलं आणि पान उघडलं! प्राचीनं टाळीच वाजवली. माझा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात सर आले. "हा कोण?"

"आमच्या गावचा दादा आहे सर."

दादा! रोज फोनवर नावानं हाक मारते, आणि सरांसमोर दादा? तो पार्टनर तोंड दाबून हसत होता.

मले सांगा, मित्र म्हटलं असतं तर काय मार्क कापले असते का?