काळ्या कापडाखालचा फोकस

तुमसरात राहणाऱ्याला ढीग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. राइस मिलच्या मागे कोंडा साचतो, तसे फोटो स्टुडिओत किस्से साचतात. रोज सूपभर पडतात, कोणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग भिंतीच्या वर!

परवा गावातले कॅमेरेवाले पोट्टे आले. गळ्यात एवढाले डिजिटल कॅमेरे. "आजी, टिप्स द्या ना. लेन्स कोणती घ्याची?"

म्हटलं, लेन्सचं तुमच्या बापाला विचारा. मी चौथी पास बाई. फोटोग्राफीचं पुस्तक उघडलं नाही, कोणाला गुरू केलं नाही. जे शिकले ते चुका धुऊन धुऊन शिकले. तेवढं सांगते, बसा!

*

आमचे मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सत्तर-ऐंशीच्या काळात फोटो काढणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणत. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी वाटणी करून टाकली. "डार्करूम तुही. कॅमेऱ्याले हात लावाचा नाही."

म्हणजे अंधार माझा, उजेड त्यांचा! मी मनात म्हटलं, बघू किती दिवस.

*

पहिली टिप, धूळ. धानाचा हंगाम आला की मिलचा बारीक कोंडा सगळीकडे उडायचा. निगेटिव्हवर कण बसला की फोटोत पांढरा ठिपका.

एका मिलवाल्या शेठजींच्या मुलीचा फोटो स्थळाकडे गेला आणि परत आला. शेठजी लाल होऊन स्टुडिओत. "मास्तर, माह्या पोरीले देवी कवा निघाली? पाव्हणे म्हणतात, तोंडभर वण आहेत!"

मास्तर फोटो उलटसुलट करून बघू लागले. मी डार्करूममधून बाहेर आले, निगेटिव्ह उजेडात धरली, बोटाने पुसून दाखवली.

"शेठजी, ही देवी तुमच्याच मिलची आहे!"

शेठजी खो खो हसले. दुसरा फोटो गेला, लग्न जमलं. मी त्या दिवसापासून डार्करूमच्या दाराला ओलं पोतं टांगलं. पोट्टेहो, नवी लेन्स मागाहून घ्या, आधी आहे ती पुसा.

*

दुसरी टिप, ऊन. आमच्याकडचा मे महिना म्हणजे नळातून चहाचं पाणी! त्या पाण्यात फिल्म धुतली की वरचा थर सायीसारखा सरकतो. एकदा एका भजनी मंडळाचे अकरा चेहरे असे ओघळले, की मृदंगवाल्याच्या मिशा पेटीवाल्याच्या गळ्यात!

मग मी घरातला माठ उचलून डार्करूममध्ये नेला. त्याच दुपारी माझा जेठ, मास्तरांचा मोठा भाऊ, मोहाडीहून आला. पाण्याचा एक घोट घेतला आणि थू केलं.

"काहून वो, पाव्हण्याले ऊन पाणी आन् रोलले थंडं?"

"भाऊजी, पाव्हणा वितळत नाही!"

तुमचे कॅमेरेही तापतात म्हणे. उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

*

मोहाडीच्या बाजारात आम्ही पडदा लावायचो. डोक्यावर मास्तरांचं पांढरं धोतर ताणून बांधायचं, म्हणजे ऊन गाळून खाली येतं आणि डोळ्यांखाली काळं पडत नाही. तुम्ही यालाच लाइटच्या छत्र्या न् डबे विकत आणता.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो मास्तरांनी जरा तिरप्या बाजूने काढला. काय सुंदर आला होता! पुढच्या बाजारी मी तो त्यांच्या हातात दिला. आजोबांनी नीट बघितला.

"एक कान कुठी ठेवला?"

"आजोबा, कान मागच्या बाजूले आहे."

आजोबांनी फोटो उलटा केला. मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का.

"इथं त मास्तरचं नाव आहे. कान नाही!"

दोन्ही कानांचा फोटो पुन्हा काढून द्यावा लागला. ज्याचा फोटो, त्याचा कान. विसरायचं नाही.

*

आता फोकस.

मास्तरांना एकच गर्व होता. म्हणायचे, "गावात फोटो कोणीबी काढते, फोकस माहाच." आणि खरंच होतं ते. पण एका लग्नाचे रोल मी धुतले, तर नवरा-नवरी धुक्यात आणि मागचा मांडवाचा बांबू लख्ख! पुढच्या लग्नातही तेच. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, हे मला डॉक्टरच्या आधी निगेटिव्हने सांगितलं.

त्यांना बोलून दाखवणं म्हणजे त्यांचा जीव काढणं. गावाला कळणं म्हणजे स्टुडिओला कुलूप. मग?

लग्नाच्या ऑर्डरी मी काहीबाही कारण सांगून परत पाठवू लागले. स्टुडिओत मोठा लाकडी कॅमेरा होता. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, मागच्या दुधी काचेवर माणूस उलटा दिसतो, तो स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवायचं. मास्तर कापडात शिरले, मीही शिरले.

"तू कायले आली?"

"कापडाले भोक पडलं. उजेड येऊन राहिला. मी धरून ठेवते."

कापड चांगलं धडधाकट होतं. दिवाळीतच मी नवं शिवलं होतं. मास्तरांनी जरा सरकून जागा दिली. चाकावर त्यांचा हात, त्यावर माझा. मी दाबला की फिरवायचं, सोडला की थांबायचं. बाहेर येऊन फोटो काढायचा रबरी फुगा तेच दाबायचे. असं दीड वर्ष चाललं, आणि गावभर मास्तरांच्या फोकसची तारीफ!

एकदा नाकाडोंगरी गावची एक बुढी फोटोला बसली होती. कापडात दोघांची खुसपुस ऐकून ओरडली, "काहो मास्तर, घरी जागा नाही का तुमाले?"

मास्तर आतल्या आत इतके हसले, की जमलेला फोकस पार गेला!

*

पुढे भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर लागलं. मीच हात धरून नेलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. घरी आल्यावर मास्तर भिंतीवरचा एकेक फोटो जवळून बघत होते. त्या दीड वर्षातले पण. मला आनंद होता, खोटं कशाला बोलू? पण आता परत अंधार माझा, उजेड त्यांचा.

दुसऱ्याच दिवशी तीच नाकाडोंगरीची बुढी हजर, या वेळी नातीला घेऊन फोटोला बसायला. मास्तर चष्मा सावरत एकटेच कापडात गेले. मी डार्करूमच्या दारात, ओल्या पोत्याजवळ उभी.

चाक फिरल्याचा आवाज आला. थांबला. पण मास्तर फुगा दाबायला बाहेर येईनात.

बुढीचा धीर सुटला. "मास्तर, दिसून राहिलं ना नीट?"

"सारं दिसते," आतून आवाज आला. "तुह्या नाकावरचा तीळबी दिसते."

"मंग काढा ना फोटो!"

काळ्या कापडाची एक बाजू वर झाली. आतून मास्तरांचा जाड चष्मा माझ्याकडे वळला.

"तू काहून तिकडं उभी? कापडाले भोक आहे ना? उजेड येऊन राहिला!"