फोर्कलिफ्टचा आवाज काढून दाखव

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांना सोडून. फौजेच्या वर्कशॉपमध्ये ट्रकच्या इंजिनांशेजारी नोकरी करून कान केव्हाच कामातून गेले होते. पण बाबांचं म्हणणं एकच, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्याकडे बातम्या लागल्या की शेजाऱ्यांना वेगळा टीव्ही लावावा लागत नसे.

माझ्या टाइल्सच्या गोदामासाठी माल उचलायची जुनी फोर्कलिफ्ट बघायला मी निघाले, तेव्हा बाबा न बोलावता गाडीत जाऊन बसले. "इंजिन कानानं तपासायचं असतं," म्हणाले. मी कपाळाला हात लावला. फोर्कलिफ्ट खराब निघाली असती तर गोदामातल्या माणसांनी माझ्या नावानं शिमगा केला असता. आणि बाबांना तोंडावर 'तुम्ही बहिरे आहात' म्हणायची माझी छाती नव्हती.

गुडगावच्या पुढे एका यार्डात विक्रेत्यानं ती चालू केली आणि विटांची थप्पी पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर घेऊन वर चढवली. ती अशी किंचाळली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. "फर्स्ट क्लास."

"देखा मॅडम," विक्रेता खूश होऊन म्हणाला, "अंकलजी समझते हैं."

माझं तोंड बघून बाबांनी काटे पुन्हा वर घ्यायला लावले. इंजिनाजवळ एक कान नेला, मग दुसरा, मग नुसताच तळवा टेकवून उभे राहिले. शेवटी माझ्याजवळ आले.

"मला काही ऐकू येत नाहीये गं," ते हळूच म्हणाले. "कसा आवाज आहे? काढून दाखव."

मला रडूच फुटणार होतं. पण रडता रडता फोर्कलिफ्टचा आवाज काढता येत नाही, म्हणून आधी त्यांच्या कानाशी "घींऽऽ" केलं.

"मोठ्यानं."

"घींऽऽऽ!"

मजूर हातातलं काम टाकून बघायला लागले. पन्नाशीची मालकीण भर यार्डात बापाच्या कानात बोंबलत होती.

"चढताना की उतरताना?"

"चढताना. उतरताना चूप असते."

"पार वर गेल्यावर गुरगुरते?"

मी गुरगुरले. चांगली लांबलचक गुरगुरले.

"काटे वर ढकलणारा हायड्रॉलिक पंप गेलाय," बाबा म्हणाले. "उतरताना पंपाला काम नसतं, म्हणून चूप." मग विक्रेत्याकडे वळले. "इतना चिल्ला रहा है भाई. आपको सुनाई नहीं देता?"

विक्रेता विटांकडे बघायला लागला. मला त्या क्षणी माझा बाप फार आवडला.

परतताना बाबांनी गाडीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "उद्या दुसरी बघायची आहे ना? तू येशील ना? तुझ्याशिवाय मला कळायचं नाही."

गोदाम माझं, फोर्कलिफ्ट माझी, आणि विचारत होते तू येशील ना.

"येईन," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी वाकून कान पुढे केला, आणि मी ओरडले.