चालू मोटर घेऊन ईट ते कळंब

ईटला फिरायला कोण जातं, असं ऑफिसात मला तिघांनी विचारलं. मी म्हटलं, फिरायला नाही, मोटर पोचवायला चाललेय.

दत्तूमामांचा फोन आला होता. ईटला त्यांची पिठाची गिरणी आहे, तीस वर्षं एकाच मोटरवर चाललेली. समोर नवी गिरणी झाली. तिची मोटर वीज कमी खाते, म्हणून ती डब्यामागं दोन रुपये कमी घेते. मामांचं गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडायला लागलं होतं. एवढ्यात सरकारची योजना आली: वीज खाणारी जुनी मोटर कळंबच्या केंद्रात जमा करा, कमी विजेची नवी निम्म्या किमतीत घ्या. "तू येच," मामा म्हणाले, "त्या कागदातलं मला निम्मं कळत न्हाय." मलाही कळलं नसतं, पण रजा शिल्लक होती.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून भूमची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. भूमहून ईटपर्यंत वडाप मिळतं, पण ते भरल्याशिवाय हलत नाही आणि भरलं म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. भूमचे खव्याचे पेढे मामीसाठी घेतले होते. ईट येईपर्यंत खोकंच उरलं.

योजनेची मुख्य अट मी रात्रीच्या जेवणाआधी तीनदा वाचली. मोटर चालू स्थितीत हवी. बंद असेल तर ती भंगार, अनुदान नाही. चालू असेल तर केंद्रात घणानं फोडायची.

सकाळी चार माणसांनी मोटर उचलून टेम्पोत ठेवली. मामीनं तिला हळदकुंकू लावलं आणि खाली पोतं घातलं. "सावकाश न्या, दणका बसंल."

"अगं, फोडायलाच न्यायलोय तिला," मामा म्हणाले.

"ते तिथं. रस्त्यात नको."

इथल्याच वाशी गावावरून महामार्गाला लागलो की रस्ता सुरेख आहे. येरमाळ्याला टेम्पोवाले सलीमभाई भज्यांसाठी थांबले. मी दोन प्लेटी खाल्ल्या, गरम आणि झणझणीत. मामा मात्र येडेश्वरीच्या दर्शनाला गेले. परत आल्यावर विचारलं, काय मागितलंत? "फोडीपतोर चालू राहू दे म्हणलो."

कळंबच्या केंद्रात एक तपासणी साहेब होते, तिशीचे, अतिशय नम्र.

"मोटर चालू आहे?"

"काल सांजंपतोर दळलंय."

"चालवून दाखवा."

पण मोटरीला थ्री फेज लागते आणि केंद्रात होती सिंगल. मी विचारलं, "मग बाकीच्या मोटरी कशा तपासल्या?"

"ही पहिलीच आलीय," साहेब म्हणाले.

त्यांनीच तोड काढली. मागच्या गल्लीत सुमनबाईंची गिरणी होती. त्यांची मोटर आठ दिवसांपूर्वी जळाली होती. त्यांनीही अर्ज केला होता, पण मोटर बंद म्हणून नामंजूर झाला होता. मोटर बंद, गिरणी बंद, घरात दोन मुली शिकणाऱ्या. तरी बाई लगेच उठल्या. "लावा की दादा माझ्या मोटरीच्या जागेवर. त्यात काय!"

मोटर बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं. पीठ पडायला लागलं आणि पाच मिनिटांत गल्लीतल्या बायका डबे घेऊन रांगेत. मामांनी सवयीनं डबे ओतायला घेतले. साहेबांनी मोबाईलमध्ये फोटो काढला आणि त्यांचा चेहरा पडला.

मोबाईलनं जागा ओळखली होती. त्या जागेवरचा, म्हणजे सुमनबाईंचा, अर्ज मंजूर झाला होता. मामांच्या अर्जापुढं आलं: मोटर आढळली नाही.

"एका मोटरीचा फोटो एकदाच घेतं हे," साहेब पुटपुटले. "आता ही मोटर बाईंची."

सुमनबाईंनी बटण बंद केलं. "दादा, तुमची वस्तू तुम्ही न्या. असलं अनुदान मला नको."

मामा ज्वारीच्या पोत्यावर टेकले. रांगेतली एकही बाई हलली नाही. मग मामांनी कोपऱ्यातल्या जळक्या मोटरीकडं बोट केलं. "साहेब, ही चालू करून ईटला बसवली तर?"

साहेबांनी नियम दोनदा वाचला. "चालू असली की झालं."

"आन् मग?"

"मग मी येतो, फोटो काढतो, तिथंच फोडतो."

मामांनी स्वतःची मोटर बाईंच्या नावावर फोडायला तिथंच सोडली. मागं वळूनही पाहिलं नाही. येताना येरमाळ्यात जळकी मोटर भरायला दिली, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी बसवायला. निम्मा खर्च सुमनबाईंनी बळंच मामांच्या खिशात कोंबला होता.

"चांगली भरू का कामचलाऊ?" कारागिरानं विचारलं. "किती दिवस चालवायचीय?"

"तीन-चार."

"आन् नंतर?"

"फोडायची."

कारागिरानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. "मग भरता कशाला?"

"फोडाय," मामा म्हणाले. "चांगलीच भरा."

मी पुण्याला परतले. आठवड्यानं मामीचा फोन आला. साहेब येऊन गेले, दोन्ही अर्ज मार्गी लागले, नवी मोटर बसली, मामांनीही दर दोन रुपयांनी उतरवला. फक्त एक झालं. घण पडायच्या आधी मामा रानात निघून गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत.

मला नवल वाटलं. तीस वर्षांची मोटर ज्यांनी सहज सोडली, ते चार दिवसांच्या मोटरीसाठी रानात जाऊन बसले? मी मामांना फोनवर बोलावलं आणि तेच विचारलं.

"ती म्हातारी झालती गं," मामा म्हणाले. "ही तर आत्ताच बरी झालती."