स्प्रिंगची, बॅटरीची आणि गॅसची

आमच्या मामूंइतकं बंदुकीविषयी बोललेला आणि जन्मात चिमणीच्या पिसालाही धक्का न लावलेला माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी भाचा म्हणून सांगत नाही. बकरी ईदला कुर्बानीच्या वेळी नेमकी त्यांच्याच पोटात कळ यायची आणि ते सायकल काढून शिवाराकडं निघून जायचे, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. अम्मीचे ते चुलतभाऊ, म्हणून आमचे मामू. आणि होता होता सगळ्या गावाचेच मामू झाले. सेनगावकडे जाणाऱ्या जीप थांबतात, तिथं त्यांचं पत्र्याचं दुकान. पूर्वी तिथं स्टोव्ह, कुलपं आणि फवारणीचे पंप दुरुस्त व्हायचे. मग घरोघरी गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेले, आणि मामू दिवसभर रस्त्याकडं बघत बसायला लागले. तेवढ्यात बंदुका आल्या.

बंदुका म्हणजे खेळण्यातल्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढी प्लास्टिकची गोळी उडवणाऱ्या, पण दिसायला हुबेहूब खऱ्या. मोबाईलवरून मागवल्या की कुरिअरवाला आणून देतो. शहरात म्हणे मोठी माणसंसुद्धा त्या घेऊन लढाई-लढाई खेळतात. आमच्याकडे शेतकऱ्यांनी त्या हरभऱ्यात शिरणाऱ्या वानरांना हुसकायला घेतल्या. महिन्याभरात बंद पडल्या की मामूंकडे यायच्या. पहिली आली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. खोक्यात एक इंग्रजी माहितीपत्रक होतं. मामूंनी ते माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "वाच. एक अक्षर सोडू नको." शब्दकोश मांडीवर घेऊन मी दोन दिवस तो कागद मराठीत करून सांगितला. माझ्या इंग्रजीचा कुणाला झालेला तो पहिला उपयोग. मामू डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या दिवसापासून तेच मला शिकवायला लागले.

घरी आम्ही दख्खनी बोलतो, पण बंदुकीवर मामू मराठीतच बोलायचे, कारण गिऱ्हाइकं मराठी. कुणी येऊन म्हणालं, "मामू, बंदूक बिघडली बगा," की ते चष्मा कपाळावर चढवायचे. "कोणती?" "कोणती म्हंजे? ही." "अरे, ही तर मलाबी दिसून राहिली. डॉक्टरकडं जाऊन माणूस बिघडला म्हणतो का तू? काय दुखतं ते सांगतो ना?" मग धडा सुरू. स्प्रिंगची असेल तर दर गोळीला हातानं ओढावी लागते. ओढली तेवढी चालते, गरीब जनावर, बिघडायलाही तिच्याकडं फारसं काही नाही. बॅटरीचीच्या पोटात मोटर, मोटरीला दातेरी चक्रं, ती दट्ट्या मागं ओढतात आणि सोडतात. घोडा दाबून धरला की गोळ्यांची धार लागते, पण चार्जिंग विसरलं की हातात नुसती काठी. गॅसचीत गोळ्यांच्या मॅगझिनमध्येच गॅस भरायचा; उडताना ती खऱ्यासारखा झटका देते, उन्हाळ्यात मस्तीत असते आणि थंडीत मान टाकते. इथं येऊन मामू थांबायचे. "हरभरा कधी असतो?" "हिवाळ्यात." "मग गॅसची घेतली काहून?" गिऱ्हाईक खाली बघायचं. "साल्यानं सांगितलं वो." "साला कुठं राहतो?" "पुण्याला." "मग त्याच्याकडं वानरं नेऊन सोड."

छर्र्याच्या बंदुकीला मात्र ते हात लावत नसत. एकदा एक गुरुजी ती घेऊन आले, तर मामूंनी गल्ल्यावरचं फडकं तिच्यावर टाकलं. "ह्या तिन्हीत ती धरायची न्हाई, गुरुजी. तिच्यात शिसं असतं. ते खानदानच येगळं." गुरुजी रागावून गेले. पुढं पुढं मामू माणसांचेही तेच तीन प्रकार करायला लागले. माझ्या बहिणीसाठी वसमतला मुलगा बघायला गेलो होतो. चांगलं घर, हळदीचा व्यापार, मुलगा सालस. मामू तिथं पोटभर बिर्याणी खाऊन निघाले आणि परतीच्या एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा स्प्रिंगचा हाय. दर टायमाला वढावं लागंल." अब्बा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. आमच्या खानदानात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझे दाखले काढायला तहसीलच्या रांगेत मामू उभे राहिले. मी पेपर लिहीत होतो तेव्हा ते उन्हात नंबर लावून होते. मी पास झालो तेव्हा जीपमधून उतरणाऱ्या अनोळखी माणसांनाही ते बोलावून सांगायचे, "ह्यो माझा भाचा. ग्रॅज्युएट." माणूस बिचारा पिशवी सांभाळत मान डोलवायचा.

आता त्या नारंगी टोकाचं सांगतो. या बंदुकांच्या नळीचं टोक नारंगी असतं. बघणाऱ्याला लांबूनच कळावं की हे खेळणं आहे, म्हणून. पण शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली की ते वानरांनाही कळायला लागलंय. "मामू, टोक दिसलं की हालतच न्हाईत वो. बसल्या जागी घाटे सोलून राहिलेत. एक तर माझ्याकडं बघून दात दाखवून राहिलं." मामूंना ही गोष्ट एकदम शास्त्रीय वाटली. स्टोव्हच्या कामातला काळा रंग शिल्लक होता. त्यांनी टोकं रंगवून द्यायला सुरुवात केली, आणि खरोखर वानरं पळाली म्हणून लोक सांगायला आले. ते टोक कशासाठी असतं, हे त्या माहितीपत्रकात लिहिलं होतं आणि मीच ते वाचून दाखवलं होतं. तरी मी हसलो. एका सुट्टीच्या दिवशी दोन टोकं तर मीच रंगवली.

गेल्या हिवाळ्यात रंगवलेल्या सात बंदुका दुकानापुढच्या फळीवर वाळत होत्या. जीपमधल्या कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला. तो फोनाफोनी फिरला आणि दुपारी पोलीस येऊन मामूंना आणि बंदुकांना घेऊन गेले. मुमानीला, म्हणजे मामूंच्या बायकोला, घेऊन मी ठाण्यावर पोचलो. मला एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागून सहा महिने झाले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती.

साहेब चांगले होते. त्यांनी मामूंना खुर्ची दिली होती. "चाचा, खेळणी आहेत ना ही? तेवढंच सांगा." एवढं 'हो' म्हणून मामू घरी आले असते. पण प्रश्न अर्धवट होता आणि मामूंना अर्धवट प्रश्न चालत नसे. "कोणती साहेब? ह्यात तीन परकार हायेत." आणि ते सुरू झाले. बऱ्याच दिवसांत इतका नीट ऐकणारा माणूस त्यांना मिळाला नव्हता. मॅगझिन, झटका, गोळ्यांची धार. जमादार एकेक शब्द लिहून घेत होता आणि कागदावर तो शब्द भलताच दिसत होता. "टोकं काळी कुणी केली?" "मीच. वानरं वळखून राहिली होती." कुणी हसलं नाही. तेव्हा कुठं मामूंच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मी दारात दिसलो, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्याला विचारा साहेब. माझा भाचा. ग्रॅज्युएट हाय. इंग्लिशमधून वाचलंय त्यानं सगळं."

साहेबांनी विचारलं, "कुठं असता?" मी कचेरीचं नाव सांगितलं. "मग तुम्ही द्या लिहून. कोणती कशावर चालते, धोका आहे की नाही. शिकलेल्या माणसाचा जबाब बरा पडतो." जमादारानं कोरा कागद माझ्याकडं सरकवला. मला सगळं येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण त्या कागदाखाली माझं नाव येणार, ते नाव कचेरीत जाणार, कुणीतरी तो व्हिडिओ तिथल्या साहेबांना दाखवणार, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. मी दुकानात बसत नाही."

मामू रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग साहेबांकडं वळून, त्या दिवसात पहिल्यांदाच दख्खनीत, म्हणाले, "हौ साब. बच्चे को कुछ नै मालूम."

तीन दिवसांनी ते सुटले. तपासणीत सगळं प्लास्टिकच निघालं. साहेबांनी बंदुका परत दिल्या, टोकं पुन्हा नारंगी करायला सांगितली, वर चहा पाजला. म्हणजे दोष द्यायला मला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. पुढं मी कायम झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा मामूंनी अर्धा खाल्ला, "अच्छा हुआ" म्हणाले आणि कुलपाला कानस लावली. दुरुस्त्या ते अजून करतात. पण गिऱ्हाइकानं बंदूक पुढं ठेवली की मुकाट्यानं उचलतात, कोणती म्हणून विचारत नाहीत. लोकांना वाटतं, वय झालं.

परवा सुट्टीला मी दुकानात जाऊन बसलो होतो. हरभरा निघाला होता. गोरेगावकडचा एक शेतकरी गॅसची बंदूक घेऊन आला. "मामू, आता सालभर ठिवून द्यायची. सगळा गॅस सोडून देऊ का?" मामू खाली मान घालून कानस चालवत राहिले. तो माणूस वाट बघत उभा. मी घसा साफ केला आणि जीपवाल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "हो, गॅसची असली की पूर्ण रिकामी करून ठेवायची."

कानस थांबली. "न्हाई," मामू म्हणाले. "थोडा ऱ्हाऊ द्यायचा आत. पुरा काढला की रबर सुकतं. मंग कितीबी भरा, धरत न्हाई."

हे ते त्या शेतकऱ्याला म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. तो बंदूक पिशवीत घालून निघून गेला. माझीही जीप आली, भरली आणि गेली. मामू आणखी काही बोलतील म्हणून मी तिथंच बसून राहिलो.